लोणच्याच्या बरणीतला दगड

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताला एकच अस्सल दुर्मिळ दगड लागला, आणि तो मी पंधरा हात लांब भिरकावून दिला. बाकीचे जे दगड मी जपून, चिठ्ठ्या लावून, कापडी पिशव्यांत भरून ऑफिसला पाठवले, ते बहुधा ऑफिसच्याच कंपाउंडच्या भिंतीला लागले असावेत. ही हकीगत मी घरीसुद्धा कधी सांगितली नव्हती. परवा नातीने शाळेसाठी दगडांचा संग्रह करायला घेतला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही नोकरीत काय शोधलं होतं?" म्हटलं, पोरी, आता या वयात लाज तरी किती दिवस झाकायची? सांगूनच टाकतो.

मी राज्याच्या खनिज खात्यात फील्ड असिस्टंट होतो. नाव भारदस्त आहे, काम दगड गोळा करण्याचं. आमचं घर तापीकाठच्या गुजरांचं, कापूस आणि केळीचं. मला नोकरीचा कागद आला तेव्हा वडील म्हणाले, "शेतातले दगड वेचून बांधावर टाकायला मी गडी लावतो, आणि सरकार तुला दगड वेचायचा पगार देणार? जा बाबा, असं सरकार पुन्हा मिळायचं नाही."

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. धुळ्याहून कारभार चालायचा, राज्य मुंबईचं होतं आणि ते थेट कच्छपर्यंत पसरलेलं होतं. एकोणिसशे एकोणसाठच्या हिवाळ्यात आमचा तळ अक्कलकुव्याकडच्या खापरला पडला. चार तंबू, एक स्वयंपाकाची झोपडी, सहा रोजंदारीचे खलाशी, एक स्वयंपाकी, मी, आणि आमचे अय्यरसाहेब. खलाशी म्हटल्यावर जहाज डोळ्यांपुढे आणू नका. तंबू ठोकणारा, पाणी भरणारा, दगडाच्या पिशव्या वाहणारा आणि जंगलात साहेबाला चुकू न देणारा माणूस म्हणजे आमच्या खात्यातला खलाशी.

अय्यरसाहेब तंजावरकडचे. उंच, काळेसावळे, बोलायला मऊ आणि चालायला राक्षस. सकाळी निघाले की दुपारपर्यंत सहा टेकड्या. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात आफ्रिकेतल्या एका विचित्र खडकाविषयी वाचलं होतं. चुनखडीसारखाच, पण समुद्रात साचलेला नाही, तर पृथ्वीच्या पोटातून लाव्ह्यासारखा उकळत वर आलेला. नर्मदेच्या आजूबाजूला, या काळ्या कातळाच्या मुलखात, तसला खडक कुठेतरी असलाच पाहिजे असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. आणि तो खडक असेल तर त्याच्या पोटात बास्टनेसाइट असायला हवा.

हा बास्टनेसाइट काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी फजिती त्यावरच आहे. स्वीडनमधल्या एका जुन्या खाणीवरून त्याला हे नाव पडलं. सिरियम, लँथॅनम अशा धातूंचा तो कार्बोनेट, वर थोडं फ्लोरिन. या धातूंना 'दुर्मिळ मृदा' म्हणतात. खरं तर ते जगात फारसे दुर्मिळ नाहीत. सगळीकडे चिमूटचिमूट विखुरलेले असतात, एका जागी ढिगाने सापडत नाहीत, एवढंच त्यांचं दुखणं. पेट्रोमॅक्सच्या मेंटलमध्ये यातलं चिमूटभर असतं, लायटरच्या चकमकीत असतं, काचेला पॉलिश करायला लागतं. दगडाचा रंग मेणासारखा पिवळट ते तपकिरी, चकाकी तेलकट, आणि हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड. कार्बोनेट असल्यामुळे आम्लात फसफसतो. पण कसा फसफसतो, ते मी तेव्हा नीट वाचलेलं नव्हतं.

मला एवढंच ठाऊक: कार्बोनेट म्हणजे फेस. माझ्या खिशात सौम्य तेजाबाची बाटली असायची, बुचाला काचेची नळी. दगडावर एक थेंब सोडायचा. चुर्रर्र करून फेस आला, तर दगड पिशवीत. नाही आला, तर फेकून द्यायचा. तीन सेकंदांत निकाल. खापरच्या बाजाराच्या दिवशी माझ्या तंबूपुढे गर्दी जमायची आणि मला लोक 'फेसवाला साहेब' म्हणायचे. मीही कमी नव्हतो. मूठभर लोक भोवती उभे राहिले की नळी जरा उंच धरायचो.

वेगळा दगड दिसला तर आणा, असं आम्ही सांगून ठेवलं होतं, आणि लोक काय काय आणायचे! काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून निघालेले पांढरे खडे आणायचे. त्यांना हमखास फेस यायचा आणि आणणारा विडी पेटवून इकडेतिकडे बघायचा. कोंबडीच्या अंड्याची टरफलं आली, शंख आले, पानाच्या दुकानातला वाळलेला चुना आला. एक म्हातारबाबा तर कागदाच्या पुडीत एक बोराएवढा खडा घेऊन आले. फार जपून उघडली पुडी. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात त्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी तो खडा त्यांना आठवण म्हणून दिला होता. मी थेंब टाकला. खडा ढिम्म. बाबा बराच वेळ वाट बघत बसले आणि मग म्हणाले, "दोन वरीस जीव खादा याने. नी आते फेस बी नही?" मनापासून वाईट वाटलं त्यांना. पुडी बांधून घेऊन गेले.

आता रुमाल्याविषयी. रुमाल्या वसावे हा आमच्या सहा खलाशांतला एक. तिशीचा असेल, अंगाने सडसडीत, बोलायला अगदी कमी. घरी भिली बोलायचा, आमच्याशी बाजारातली अहिराणी. सगळ्यांना 'तू'च म्हणायचा, अय्यरसाहेबांनासुद्धा, आणि साहेबांना त्यात काही वावगं वाटत नसे, कारण त्यांना मराठीतला एकच शब्द येत होता: 'अजून'. तो ते जेवताना वापरायचे.

रुमाल्याचं एक दुखणं होतं. त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ, जंगल खात्यात गार्ड होता. खाकी कपडे, पितळी बिल्ला. मोलगीकडे सासरी गेलं की मेहुण्याला खाटेवर बसवायचे आणि रुमाल्याला खाली, कोंबड्यांच्या बाजूला. जावई असून! एकदा मी त्याला विचारलं, "रुमाल्या, तुला नक्की पाहिजे तरी काय?" तो दगडाची पिशवी खांद्यावरून उतरवत म्हणाला, "माले सासरे खाटवर बसनं शे." मी हसलो. तो हसला नाही.

पौषात अय्यरसाहेबांनी सगळ्या खलाशांना बोलावून सांगितलं की खात्याने एक पक्की जागा मंजूर केली आहे. बिल्ला, खाकी डगला, पावसाळ्यातही पगार. जो माणूस पिवळट तपकिरी, जड दगड आणून दाखवेल आणि तो जिथला आहे तिथे साहेबाला नेईल, त्याचं नाव ते लिहून पाठवतील. मी भाषांतर केलं. पाच जण लगेच आपसात बोलायला लागले. रुमाल्या उठला, घोंगडी घेतली आणि न विचारता कुठेतरी निघून गेला.

सहाव्या दिवशी आला, तो नेमका बाजाराच्या दिवशी. पाय फुटलेले, अंगावर धूळ. माझ्यापुढे पंधरावीस माणसं उभी होती आणि मी रंगात आलो होतो. रुमाल्याने कमरेच्या फडक्यातून एक दगड काढून माझ्या पुढ्यात ठेवला. मुठीएवढा, मळकट पिवळा, वर तांबूस पुटं. मी तो उचललासुद्धा नाही. आता हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. जमिनीवर ठेवलेल्या दगडावर मी वरून, ऐटीत, एक थेंब सोडला.

काही नाही. थेंब बसला, सुकला.

"फेस नाही, म्हणजे नाही," मी म्हणालो.

"साहेब, जड शे," रुमाल्या म्हणाला.

"जड तर माझं डोकंही आहे!" लोक हसले. आणि ते हसले म्हणून मी तो दगड उचलला आणि तंबूवरून पलीकडे भिरकावला. उचलताना मनगटाला हिसका बसला होता, हे मला चांगलं आठवतं. पण माणूस एकदा शहाणा ठरला की मनगटाचं कोण ऐकतो? रुमाल्या घटकाभर तिथेच उकिडवा बसला. मग उठला, डोक्याला फडकं बांधलं आणि घागरी घेऊन पाण्याला गेला.

दगड पडला तो स्वयंपाकाच्या झोपडीमागे. तिथे राज्य होतं आमच्या स्वयंपाक्याचं, तुळशीराम महाराजांचं. महाराज नंदुरबारचे, मिरचीच्या बाजाराजवळ वाढलेले. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या अडचणी मीठ कमी किंवा आच कमी, या दोनच कारणांनी होतात. त्या आठवड्यात त्यांनी नंदुरबारहून ओल्या लाल मिरच्यांची गोणी आणली होती आणि मोठ्या चिनी मातीच्या बरणीत लोणचं घालायचं चाललं होतं. लिंबाचा रस, मोहरी, हिंग, हळद, तेल. आता लोणचं ज्यांनी घातलंय त्यांना माहीत आहे की मिरच्या वर तरंगतात आणि रसाबाहेर राहिल्या की त्यांना बुरशी येते. त्यांना दाबायला वर दगड ठेवावा लागतो. बरणीचं तोंड लहान, म्हणजे दगड लहान पाहिजे. मिरच्या चिवट, म्हणजे दगड जड पाहिजे. महाराज दोन दिवस तसा दगड शोधत होते.

संध्याकाळी मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही फेकेल धोंडा मी उचली लिधा हां. एवढासा शे, पन शेरभरना काम करस."

"घ्या, घ्या," मी म्हणालो. मला त्याचं काही वाटलंच नाही.

ते लोणचं काय जमलं होतं! अय्यरसाहेब दहीभाताचे माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी बोट लावून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अजून." तिथून पुढे दोन महिने सकाळ-संध्याकाळ दहीभात आणि लाल मिरचीचं लोणचं. दिवसभर साहेब सातपुड्यात बास्टनेसाइट शोधत फिरायचे आणि संध्याकाळी येऊन त्याच्याखालचं लोणचं खायचे.

फाल्गुनात मुंबईहून पत्र आलं. आजवरचे नमुने निरुपयोगी. तळ लवकर आवरा. पक्क्या जागेसाठी नाव पंधरा दिवसांत पाठवा, नाही तर वरून एक उमेदवार पाठवू. 'वरून उमेदवार' म्हणजे कुणाच्या तरी साहेबाचा कुणीतरी भाचा, हे आम्हाला कळत होतं. अय्यरसाहेब दोन दिवस तंबूत नकाशे उलटत बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी नेहमीचा शब्द उच्चारला. लोणचं संपत आलं होतं. महाराजांनी बरणीच ताटापाशी आणली, तळातलं काढायला आत हात घातला आणि दगड काढून साहेबांच्या पुढे पाटावर ठेवला.

पाट कलंडला. साहेबांनी तो सावरायला दगड धरला. आणि धरूनच राहिले. त्यांच्या हाताला एकाएकी काय कळलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. ते दगड वरखाली झेलायला लागले, एकदा, दोनदा. डाव्या हातात आमच्या चुलीजवळचा तेवढाच काळा दगड घेतला आणि दोन्ही हात तोलले. दहीभात तसाच राहिला.

"महाराज, इसको धो दो," ते हळू आवाजात म्हणाले.

महाराजांनी राख आणि काथ्या घेऊन दगड घासला. तेल गेलं, चकाकी गेली नाही. साहेब म्हणाले हळदीचा रंग असेल, पुन्हा घासा. पुन्हा घासला. हळद गेली, पिवळेपणा तसाच. मग साहेबांनी तांब्याच्या भोकाच्या पैशाने ओरखडा काढून बघितला, उठेना. चाकूने उठला; म्हणजे साधी चुनखडी नव्हे. माझ्याकडे हात पुढे केला. मी बाटली दिली. थेंब पडला. काही नाही. मला, खरं सांगतो, हायसं वाटलं.

पण साहेब थांबले नाहीत. त्यांनी दगडाचा कोपरा फोडला, खलबत्त्यात कुटून पूड केली आणि तेजाब गरम करायला चूल मागितली. महाराज आडवे आले.

"मन्ह्या चुलावर तेजाब? ठेवश्यात ते मी आत्तेच नंदुरबारले चालना जासू!"

"महाराज, थंड तेजाबाने फेस येत नाहीये," मी समजावत म्हणालो.

"कसा ई? थंडा पानीम्हा दाय शिजस का, भाऊसाहेब?" महाराज माझ्यावरच कडाडले. "आच पायजे!"

बोलून गेले आणि आपल्याच तत्त्वात अडकले. मग त्यांनीच निखारे बाहेर ओढून दिले, आणि भांडं मात्र माझं दाढीचं घ्यायला लावलं. पूड टाकली, तेजाब कोमट झालं, आणि बुडबुडे यायला लागले. आधी एक, मग चार, मग भांडंभर बारीक, सावकाश, न थांबणारा फेस. बास्टनेसाइटचा स्वभावच तो. थंड थेंबाला दाद देत नाही. पूड करा, ऊब द्या, मग बोलतो. पुढे पुस्तकात हे वाक्य मी शोधून काढलं. माझ्या तंबूतल्याच पुस्तकात होतं, पण कोऱ्या पुस्तकाची ती जोडलेली पानं कापून सुटी करायची राहिली होती.

"किधर से आया ये?" साहेबांनी विचारलं.

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी निखारे सारायला लागलो. मला वाचवायला तो भला माणूस म्हणाला, "नदीम्हाईन आनेल शे, साहेब."

आणि मी त्याचं भाषांतर केलं. 'नदीतून आणला' असं, जसंच्या तसं, साहेबांना सांगितलं. तिथेच मी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा तळ नदीत. साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात, सहा खलाशी पाण्यात, महाराजसुद्धा पाण्यात, कारण 'नेमकी जागा' त्यांनाच माहीत. ते बिचारे दर अर्ध्या तासाला नवी जागा दाखवायचे. दिवसभर दगड उचलायचे, तोलायचे, टाकायचे. काठावर गावातली गुरं राखणारी माणसं बसून बघायची. एकाने विचारलंही, "साहेबचं काय हरवेल शे?" दुसरा दिवस तसाच. नाव पाठवायच्या मुदतीतले आठच दिवस उरले.

आणि रुमाल्या? तोही आमच्यासारखाच वाकून दगड उलटत होता. पहिल्या दिवशी साहेबांनी तो बरणीतला दगड सगळ्यांना दाखवला, 'असा हवा' म्हणून, तेव्हा रुमाल्याने तो बघितला होता. आपला दगड तो ओळखणार नाही? सहा दिवस कमरेला बांधून आणलेला! पण तो काही बोलला नाही. त्या दिवशी घागरी घेऊन पाण्याला गेला होता, तसाच नदीत उतरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या शेजारी पाण्यात उभा होतो. इकडेतिकडे बघून हळूच म्हणालो, "रुमाल्या, तू साहेबाला सांगितलं का नाहीस?"

तो सरळ उभा राहिला. हातातला दगड पाण्यात सोडला.

"तू फेस नही म्हने," तो म्हणाला. "मंग मन्हं कोन ऐकी?" आणि पुन्हा वाकला. जरा वेळाने, माझ्याकडे न बघताच, "आठे नही भेटाव, साहेब. तो तठे शे. नर्मदाना पल्ल्याड, मन्ही बहिणना गावले."

म्हणजे नदीत तो दगड नाही हे पक्कं ठाऊक असताना हा माणूस तीन दिवस माझ्या खोट्यापायी पाण्यात वाकत होता. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी तसाच चालत साहेबांकडे गेलो. पाय घसरून एकदा पडलो. भिजलेल्या अंगाने, उभ्या प्रवाहात, सगळं सांगितलं: बाजाराचा दिवस, थेंब, लोकांचं हसणं, भिरकावणं, बरणी, आणि नदीचं खोटं. इंग्रजीत सुरुवात केली, मध्येच हिंदीवर आलो, शेवट मराठीत झाला. महाराज मागून ओरडत होते, "खोटं मी बोलनू, साहेब! भाऊसाहेब नही!"

अय्यरसाहेब पाण्यात ताठ उभे राहिले. मला वाटलं, गेली नोकरी. मग ते म्हणाले, "दो महीना... हम इसका नीचे का अचार खाता था?"

"हो, साहेब."

ते खो खो हसत सुटले, इतके की त्यांना काठावर बसावं लागलं. हसू ओसरल्यावर चेहरा कडक केला. माझ्या खिशातली बाटली काढून घेतली. "आज से पहले हाथ, बाद में ॲसिड," म्हणाले. आणि शिक्षा दिली: रुमाल्या दाखवेल तिथपर्यंत, जाताना आणि येताना, तो दगड मी माझ्या पिशवीत वाहायचा.

सातपुड्याचे ते चढ-उतार ज्यांनी पाहिलेत त्यांनाच कळेल. पहिल्या घाटात मला वाटलं, एक दगड तो काय! दुसऱ्या घाटात खांदा बदलला. तिसऱ्या घाटात रुमाल्या मागे वळून म्हणाला, "जड शे ना?" मी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. लाकूड कोरून केलेल्या डोंगीतून नर्मदा ओलांडली, पुढे आणखी चाललो, आणि त्याच्या बहिणीच्या पाड्यावर पोचलो. तिच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं होतं. त्याच्या झाकणावर तसलाच एक दगड. रात्री रानमांजर झाकण उचलतं, म्हणून ती जड बघून दगड ठेवायची. जोडीतला दुसरा दगड भावाने नेल्यापासून दोन कोंबड्या गेल्या, म्हणून ती आल्या आल्या रुमाल्यावर तुटून पडली. मग साहेबांना कळलं की हे भांडण त्यांच्या दगडावरूनच चाललंय, आणि त्यांनी तिला हात जोडले.

घरामागे टेकडी. तपकिरी, चुनखडीच्या जातीची, काळ्या कातळातून उगवलेली. साहेब टेकडीवर चढले आणि एका दगडावर बसून डोळे पुसायला लागले. मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभा राहिलो.

परत येऊन साहेबांनी रुमाल्याचं नाव पाठवलं, एक दिवस राखून. दगड प्रयोगशाळेत गेला. उत्तर आलं: निव्वळ बास्टनेसाइट नव्हे, पण पोटात भरपूर आहे. खाली एक शेरा होता, की नमुन्याला हिंग व मोहरीचा वास येतो, त्याचा भूशास्त्रीय खुलासा करावा. साहेबांनी तो खुलासा मला लिहायला लावला.

आणि मग मे महिना उजाडला, राज्याचे दोन भाग झाले. नर्मदेच्या पलीकडची टेकडी गुजरातेत गेली. टेकडीबरोबर फाइल गेली, फाइलबरोबर अय्यरसाहेबांची बदली झाली आणि मंजूर झालेली जागासुद्धा तिकडे गेली. मी महाराष्ट्रात राहिलो. महाराज नंदुरबारला परत जाऊन खानावळ चालवायला लागले. रुमाल्याचं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दोन पत्रं टाकली, ती कुठे गेली देव जाणे. माझ्या एका ऐटीपायी या माणसाचे दोन महिने गेले. ते हातात असते तर राज्य फुटायच्या आत त्याच्या हातात हुकूम पडला असता. हे मला पुढे कित्येक वर्षं छळत होतं.

पाच-सहा वर्षांनी विहिरींच्या पाहणीसाठी मोलगीला जायची वेळ आली. होळीचे दिवस होते. एका पाड्यावर पाणी मागायला थांबलो, तर अंगणात खाट, आणि खाटेवर दोन खाकी डगले शेजारी शेजारी. एक जंगल गार्डचा. दुसऱ्याच्या छातीवर पितळी बिल्ला होता, त्यावर गुजराती अक्षरं.

"साहेब," बिल्लेवाला म्हणाला, "ओळखं नही का?"

रुमाल्याच! त्या टेकडीचाच चौकीदार झाला होता. अय्यरसाहेबांनी तिकडे गेल्या गेल्या पहिला कागद त्याचा काढला होता. वर्षातून एकदा होळीला नर्मदा ओलांडून सासरी यायचा. बिल्ल्यावरची अक्षरं त्या घरात कुणालाच वाचता येत नव्हती, पण सासू दर थोड्या वेळाने येऊन त्याला चहा विचारत होती, मेहुण्याला नाही.

मी काही बोलायच्या आत तो उठला, अंगणातल्या खुराड्यापाशी गेला आणि झाकणावरचा दगड उचलला. सासूसाठी त्याने मुद्दाम तिकडून आणला होता तो. झाकण उघडताच कोंबड्या अंगणभर झाल्या, मेहुणा त्यांच्यामागे धावला, सासू ओरडायला लागली. रुमाल्याचं कशाकडेही लक्ष नव्हतं. त्याने तो दगड माझ्यापुढे धरला.

"घे."

इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात खिशाकडे गेला. मी तो मागे घेतला. दोन्ही हात पुढे करून दगड घेतला, तोलला, आणि बराच वेळ धरून ठेवला.

"जड आहे, रुमालदादा," मी म्हणालो.

"मी तवयच सांगेल व्हतं," तो म्हणाला. मग खाटेवर जाऊन बसला आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.